मत गुप्त, पण वस्ती उघडी!

निवडणुकीचा बिगुल वाजला की आपल्याकडे दोन माणसांना भाव येतो. एक वस्तीतला मतांचा ठेकेदार आणि दुसरा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आकडे फेकणारा पंडित. ठेकेदार सांगतो, ‘अमुक वाडीतली सगळी मते माझ्या खिशात आहेत.’ पंडित सांगतो, ‘दलितांची अमुक टक्के मते अमुक पक्षाकडे वळली.’ दोघांचाही दावा एकच, की आंबेडकरी माणूस कोणाला मत देतो हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. गंमत अशी की या दोघांपैकी एकानेही त्या माणसाला धडपणे विचारलेले नसते. आणि विचारले तरी त्याला मोकळेपणी उत्तर देता येईल अशी परिस्थिती आहे का, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

2024 चे वर्ष आठवा. 1 जून रोजी लोकसभेचे शेवटच्या टप्प्याचे मतदान संपताच मतदानोत्तर चाचण्यांचा पाऊस पडला. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर, काहींनी तर चारशेच्या घरात जागा दिल्या. 4 जूनला पेट्या उघडल्या तेव्हा भाजप 240 वर आणि त्यांची आघाडी 293 वर थांबली. महाराष्ट्रात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला आणि 17 महायुतीला मिळाल्या. दुसऱ्या दिवसापासून तेच पंडित सांगू लागले, ‘संविधान बदलाच्या भीतीने दलितांची मते एकगठ्ठा फिरली.’ सहाच महिन्यांनी, 23 नोव्हेंबर रोजी, विधानसभेचा निकाल लागला आणि महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनीच 230 जागा घेतल्या. लगेच निदान बदलले. ‘दलितांची मते विखुरली.’ जून महिन्यात एकगठ्ठा असलेला समाज नोव्हेंबरात विखुरलेला कसा झाला? मधल्या काळात त्याच्या मनात काय घडले? पोराची शिष्यवृत्ती, रेशन, लाडकी बहीण योजनेचे पैसे, जागावाटपातला अपमान, यांपैकी कशाने काय झाले? याचे उत्तर पंडितांकडे नव्हते. कारण आकडा होता, पण आकड्यामागचा माणूस नव्हता.

नऊ माणसे आणि एक बौद्ध

आम्ही हे गगनबावड्यावरून लिहीत आहोत. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर, जिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, तो हा तालुका. पाऊस उदंड, जमीन डोंगरउताराची, आणि वस्ती विरळ. साळवण, तिसंगी, असळज अशी रस्त्यावरची गावे सोडली तर बाकी सगळा वाड्या, धनगरवाडे आणि गावाच्या कडेला असलेल्या बौद्ध वस्त्या यांचा पसारा. 2011 च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 36 हजार. त्याच वेळी कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार. म्हणजे शंभर माणसांमागे आमचा माणूस एकही पुरता भरत नाही.

आता चाचणीवाल्यांचा हिशेब करून पाहू. समजा कोणी कोल्हापूर जिल्ह्यात अगदी प्रामाणिकपणे एक हजार माणसांची निवड केली. त्यात गगनबावड्याच्या वाट्याला येतील नऊ माणसे. जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे 13 टक्के. त्या सरासरीने या नवांत आमचा माणूस एक. त्या एकाला शेतावर जायची घाई असेल, तो ऊसतोडीला गेला असेल किंवा पावसाने पाणंद बंद झाली म्हणून चाचणीवाला वस्तीपर्यंत पोहोचलाच नसेल, तर तोही गळला!

संपूर्ण जिल्ह्याच्या हजारांत अनुसूचित जातीचे 130 जण भरतात. संख्याशास्त्र सांगते की हजारांच्या नमुन्यात तीन टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते. पण त्यातल्या 130 जणांवरून निष्कर्ष काढायचा म्हटला तर हीच चूक साडेआठ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे ‘दलितांची 46 टक्के मते’ असे पडद्यावर झळकते तेव्हा खरा आकडा 38 असू शकतो आणि 54 ही असू शकतो. मग ‘दलित मतांत पाच टक्क्यांची घसरण’ या मथळ्याला काय अर्थ उरला? ही घसरण मतांची आहे की नमुन्याची, हे मथळा देणाऱ्यालाही सांगता यायचे नाही.

त्यातही ‘दलित’ हा एकच रकाना. बौद्ध, मातंग, चर्मकार, ढोर हे सगळे एकाच पिशवीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांवर लोकांनी आपला धर्म बौद्ध लिहिला. राज्याच्या लोकसंख्येच्या 5.8 टक्के. 1956 च्या धम्मदीक्षेने ज्यांच्या जगण्याची दिशा बदलली, त्या समाजाचा राजकीय विचार ‘अनुसूचित जाती’ या सरकारी रकान्यात कसा दिसणार? धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात दुसरेच काही लिहून घेणारा चाचणीवाला आम्हाला कुठल्या ढिगाऱ्यात टाकतो, हे कोण पाहतो?

विलायतेहून तंत्र आणले, पेटी विसरलो

ही मतमोजमापाची विद्या आपल्याकडे आली ती मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतून. ब्रिटनमध्ये गॅलप संस्थेने 1937 पासून जनमत चाचण्या सुरू केल्या. 1945 साली चर्चिल हरणार आणि मजूर पक्ष जिंकणार, हे त्यांच्या आकड्यांत दिसत होते; पण महायुद्ध जिंकून देणारा पुढारी हरेल यावर पंडितांचा विश्वास बसेना. निकाल आकड्यांप्रमाणे लागला. पुढे डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स या दोन अभ्यासकांनी 1960 च्या दशकात ब्रिटिश मतदाराचा बारकाईने अभ्यास केला. मजुराचा मुलगा मजूर पक्षालाच मत का देतो, घर, गिरणी आणि शेजार यांचा मतावर परिणाम कसा होतो, हे त्यांनी शोधले. हेच बटलर पुढे प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांच्यासोबत भारतातल्या निवडणुकांचे आकडे मांडायला बसले. त्याआधी आपल्याकडे 1950 च्या दशकात एरिक डा कोस्टा यांनी जनमत चाचण्या सुरू केल्या होत्या, आणि रजनी कोठारींनी 1963 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने 1967 पासून देशव्यापी निवडणूक अभ्यास हाती घेतले. त्यांच्या ‘लोकनीती’ गटाने आणि पुणे विद्यापीठातल्या सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे आदी अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या मतदारावर गंभीर काम केले आहे. सगळ्यांनाच एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ‘लोकनीती’चे कार्यकर्ते मतदार यादीतून नावे काढतात, घरी जातात आणि मत कोणाला दिले हे तोंडाने न विचारता नकली मतपत्रिका पेटीत टाकायला सांगतात. हे योग्यच आहे.

ही नकली पेटी का लागते, यातच सगळे मर्म आहे. ब्रिटनमध्ये 4 जुलै 2024 रोजी तीन वाहिन्यांनी मिळून मतदानोत्तर चाचणी केली. सुमारे 130 मतदान केंद्रांबाहेर मतदारांच्या हाती मतपत्रिकेची नक्कल देऊन ती बंद पेटीत टाकायला सांगितले. प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर कळले नाही. चाचणीने मजूर पक्षाला 410 जागा दिल्या. प्रत्यक्षात 411 मिळाल्या. आपल्याकडे मात्र बहुतेक वाहिन्यांचा पोरगा वेशीजवळच्या चहाच्या टपरीवर माईक पुढे करतो, भोवती गावकीची दहा माणसे उभी असतात आणि आमच्या माणसाला विचारले जाते, ‘काय काका, यंदा कुणाला?’ काका काय सांगणार? काका त्यांनाच ऐकायचे असलेले नाव सांगतात आणि चहा पिऊन निघून जातात. मग याच उत्तराला ‘जनमत’ म्हणून पडद्यावर झळकवले जाते!

विलायतेतही चाचण्या सपशेल आपटल्या आहेत. 1992 मध्ये आपटल्या, 2015 मध्ये पुन्हा आपटल्या. पण 2015 नंतर तिथल्या चाचणीवाल्यांनी प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. 2016 मध्ये अहवाल आला आणि त्यात मुख्य दोष स्पष्ट लिहिला, की निवडलेली माणसे समाजाचे खरे प्रतिनिधित्व करणारी नव्हती. त्याच देशात 2010 च्या निवडणुकीत अभ्यासकांच्या लक्षात आले होते की सर्वसाधारण नमुन्यात कृष्णवर्णीय आणि आशियाई मतदार फारच थोडे येतात, तेव्हा त्यांनी वांशिक अल्पसंख्याकांचा स्वतंत्र निवडणूक अभ्यास केला. आपल्याकडे 2004 मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या चाचण्या आपटल्या, 2024 मध्ये आपटल्या. चौकशी कोणी नेमली? बौद्धांचा, मातंगांचा, भटक्या-विमुक्तांचा स्वतंत्र अभ्यास कोणत्या वाहिनीने केला?

1872 आणि आमची वाडी

पण चाचणी चुकली तर फार तर पंडिताची फजिती होते. आमच्या वाडीची खरी अडचण याहून गंभीर आहे. ती चाचणीत नाही, मतमोजणीत आहे.

1872 पूर्वी ब्रिटनमध्ये मतदाराला भर लोकांत उभे राहून आपले मत तोंडाने सांगावे लागे. जमीनदाराचा माणूस वही घेऊन उभा असे. कुळाने मालकाच्या मर्जीविरुद्ध नाव घेतले की जमीन गेली, घर गेले. 1872 च्या कायद्याने गुप्त मतदान आले आणि मालकाची वही बंद झाली. आजही तिथे एका मतपेटीतल्या मतपत्रिका दुसऱ्या पेटीतल्या मतपत्रिकांत मिसळल्याशिवाय मोजता येत नाहीत. निकाल जाहीर होतो तो मतदारसंघाचा. अमुक गल्लीने, अमुक वस्तीने कोणाला मते दिली, याचा सरकारी तक्ता तिथे लागत नाही.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडेही कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा 1961 च्या निवडणूक नियमांतल्या नियम 59-अ खाली वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. जिथे मतदारांना धाकदपटशा होण्याची भीती वाटेल तिथे आयोगाने तसे करावे, असा त्याचा हेतू. मग मतदान यंत्रे आली. 2004 ची लोकसभा संपूर्ण देशात यंत्रांवर झाली. यंत्र मोजते केंद्रानिहाय. प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते, याचा तक्ता ‘फॉर्म 20’ मध्ये भरला जातो आणि जाहीर होतो. कुणालाही तो पाहता येतो.

शहरात हे चालून जाते. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, दहा इमारती, पन्नास जाती. कोण कोणाला ओळखतो? पण डोंगरी तालुक्यात हिशेब निराळा आहे. समजा एका केंद्रावर चारशे मतदार आहेत, त्यात बौद्ध वस्तीचे ऐंशी. गावकीने ठरवलेल्या उमेदवाराला तीनशे दहा मते पडली आणि दुसऱ्याला अठ्ठ्याहत्तर. आता वस्तीने काय केले हे कळायला ज्योतिषी हवा का? प्रत्येकाचे मत गुप्तच राहिले. पण वस्ती मात्र उघडी पडली.

एका निवडणुकीनंतर तालुक्यातल्या एका वस्तीतली मंडळी आमच्याकडे आली होती. त्यांत एक आजी होत्या. ‘जयभीम’ घालून बसल्या आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, म्या कुणाला मत दिलं ते घरात सुदिक सांगितलं न्हाई. मग त्यास्नी कसं कळलं?” आम्ही तक्ता काढून त्यांच्या नातवाला दाखवला. त्याने बोट ठेवून वाचून दाखवले. आजी गप्प झाल्या. मग एवढेच म्हणाल्या, “म्हंजे आमचं नाव न्हाई, पर आमच्या वाडीचं नाव हाय.”

या एका वाक्यात कायद्याच्या पुस्तकातली उणीव आली. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 128 मतदानाची गुप्तता राखायला सांगते. कलम 94 प्रमाणे कोणत्याही साक्षीदाराला त्याने कोणाला मत दिले हे सांगायची सक्ती करता येत नाही. 2013 मध्ये ‘नोटा’चा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गुप्तता हा मुक्त निवडणुकीचा अविभाज्य भाग मानला. हे सगळे संरक्षण व्यक्तीला आहे. पण भारतात अत्याचार व्यक्ती पाहून होतो की वस्ती पाहून? नळाची तोटी वस्तीची बंद होते. पाणंदीचा मुरूम वस्तीपुढे थांबतो. मजुरीला बोलावणे वस्तीला येत नाही. घरकुलाच्या यादीत नाव मागे सरकते ते वस्तीचे. ज्या देशात शिक्षा जातीला मिळते, तिथे गुप्तता फक्त व्यक्तीला देऊन काय साधले?

हे आमच्या मनचे नाही. 2019 च्या लोकसभा प्रचारात मनेका गांधी यांनी जाहीर सभेत सांगितले होते की मतांच्या प्रमाणानुसार गावांचे ए, बी, सी, डी असे वर्ग पाडले जातात आणि विकासकामे त्याच क्रमाने होतात. निवडणूक आयोगाने त्यांना ताकीद दिली. पण हा वर्ग पाडायला आकडे येतात कोठून? फॉर्म 20 मधूनच. जे त्या बोलल्या ते इतर पुढारी न बोलता करतात, इतकाच फरक.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते

1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी, मार्च 1920 मध्ये, आमच्याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. 1932 मध्ये मताधिकाराच्या लोथियन समितीवर ते सदस्य होते, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुणे कराराने आमचा स्वतंत्र मतदारसंघ गेला. 1937 च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने अस्पृश्यांच्या राखीव जागा कशा जिंकल्या, कोणाच्या मतांनी जिंकल्या, हे त्यांनी 1945 च्या ग्रंथात आकड्यांचे तक्ते देऊन सिद्ध केले. मतदानाच्या अभ्यासाची शिस्त आमच्या चळवळीला कोणा वाहिनीकडून शिकायची नाही. ती आमच्या घरचीच आहे.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. ज्याची भाकरी गावाच्या हातात, त्याचे मत मोकळे राहत नाही. म्हणूनच 1942 च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि 1947 मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवायला सांगितले. मत आणि भाकरी यांचा हा संबंध ज्याला कळला नाही, त्याने दलित मतदाराचे ‘वर्तन’ सांगू नये.

आज कायदा त्या दिशेने काही पावले आला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. कलम 3(1) मध्ये आता स्पष्ट लिहिले आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अमुक उमेदवाराला मत दे किंवा देऊ नको म्हणून धमकावणे हा गुन्हा आहे. मतदानानंतर त्याला मारहाण करणे, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, त्याच्या हक्काची सार्वजनिक सेवा अडवणे, हाही गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 चा आहे. आमच्या किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? निकालानंतर नळ बंद झाला तर आपण ग्रामसेवकाकडे विनवण्या करत हेलपाटे घालतो. तो विनवणीचा विषय नाही, फिर्यादीचा आहे.

आकडा म्हणजे पावती

फॉर्म 20 चा दुसरा उपयोग चळवळीच्या पोटात शिरून झाला आहे. तो सांगायला आम्हाला संकोच नाही. ज्या ठेकेदाराचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला, त्याचा धंदा याच तक्त्यावर चालतो. ‘वाडीची ऐंशी मते देतो’ असे सांगून तो पुढाऱ्याकडून माल उचलतो. माल पोहोचला की नाही हे पुढाऱ्याला कसे कळते? तक्त्यावरून. केंद्रानिहाय आकडा ही मतांच्या सौद्याची पावती आहे. पावतीच मिळाली नाही तर उधारीवर मते विकत घेणार कोण?

करवीर विधानसभा मतदारसंघाचे उदाहरण घ्या. गगनबावडा तालुका याच मतदारसंघात येतो. 2024 मध्ये इथे जवळपास 85 टक्के मतदान झाले. राज्यातल्या सर्वाधिक मतदानाच्या मतदारसंघांत त्याची गणना झाली. आणि निकाल लागला दोन हजारांहून कमी मतांच्या फरकाने. अशा अटीतटीच्या लढतीत पंचवीस लहान वस्त्यांची ऐंशी-ऐंशी मते म्हणजे संपूर्ण आमदारकी! अशा वस्तीवर किती डोळे लागत असतील, किती आमिषे आणि किती धाक येत असतील, हे सांगायला चाचणीची गरज नाही.

उपाय आहे, इच्छा नाही

यावर तोडगा नाही असे नाही. निवडणूक आयोगाने 2008 मध्येच केंद्र सरकारला ‘टोटलायझर’ या यंत्राचा प्रस्ताव दिला. चौदा केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून त्यांची बेरीज एकदम काढायची, म्हणजे केंद्रानिहाय आकडा उघड होत नाही. विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. कारण काय, तर केंद्रानिहाय आकडे कळले तर कुठे अधिक काम करायचे हे उमेदवाराला समजते! कुठे काम करायचे हे समजते, तसे कुठले काम अडवायचे हेही समजते, हे सरकारला कोण सांगणार?

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आपल्यातलेच अनेक बांधव विचारतील, ‘यंत्रावर आधीच विश्वास नाही, त्यात केंद्राचा आकडाही झाकला तर घोटाळा पकडायचा कसा?’ डिसेंबर 2024 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचे गावकरी मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायला निघाले होते. ‘आम्ही दिलेली मते यंत्रात दिसत नाहीत’, असे त्यांचे म्हणणे. प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. गावाचा आकडा जाहीर झाला होता म्हणूनच त्यांना प्रश्न विचारता आला, हे खरे आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. केंद्रावर एकूण किती मते पडली, हा आकडा ‘फॉर्म 17-क’ मध्ये मतदानाच्या दिवशीच एजंटाला मिळतो. तो झाकायचा नाही. तो यंत्रागणिक जुळवलाच पाहिजे. चिठ्ठ्यांची पडताळणीही पाचच केंद्रांवर न थांबता वाढवली पाहिजे, आणि तीही केंद्रांचे गट करून, चिठ्ठ्या मिसळून. झाकायचा आहे तो फक्त कोणत्या वाडीने कोणत्या उमेदवाराला किती मते दिली, हा तपशील. मोजणी उघड्यावर व्हावी आणि वस्ती झाकलेली राहावी, या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी नाहीत. दोन्ही एकाच निवेदनात मागता येतात.

तेव्हा चळवळीने काय करावे? आमच्या मते तीन कामे तातडीची आहेत.

पहिले काम मागणीचे. आपल्या प्रत्येक पक्ष-गटाने, मग तो वंचितचा असो, रिपब्लिकनचा असो की बसपाचा, मते एकत्र मिसळून मोजण्याची मागणी आपल्या जाहीरनाम्यात घालावी. या प्रश्नावर गटबाजीचे कारण नाही. तक्त्यात वस्ती उघडी पडते तेव्हा ती कोणत्या गटाची हे कोणी पाहत नाही.

दुसरे काम कायद्याचे. निकालानंतरचे पहिले तीन महिने प्रत्येक तालुक्यात दोन-तीन वकील आणि चार कार्यकर्ते यांनी वस्त्यांवर लक्ष ठेवावे. पाणी, रेशन, रोजगार हमी, मजुरी, दूध संस्थेतले दूध, यांत कुठे फरक पडला याची तारीखवार नोंद ठेवावी. नोंद असेल तर फिर्याद उभी राहते. नुसत्या संतापावर ती उभी राहत नाही.

तिसरे काम अभ्यासाचे. आपल्या मुलामुलींनी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, संख्याशास्त्र यांत पदव्या घेतल्या आहेत. त्यांनी बुद्धविहारात एक बंद पेटी ठेवावी. नाव नको, वस्ती नको. एका कागदावर प्रश्न: मत देताना तुमच्या मनात काय होते? धाक होता का? पैसा आला का? संविधान, महागाई, शिक्षण, उमेदवाराची जात, यांत तुम्ही काय पाहिले? दहा तालुक्यांच्या पेट्या एकत्र मिसळून मोजाव्यात, आणि कोणत्याही एका वाडीचा आकडा कधीही छापू नये. 2019 च्या लोकसभेत वंचित आघाडीला राज्यात सुमारे 41 लाख मते मिळाली. या मतदारांना पंडितांनी ‘मते खाणारे’ म्हटले. त्या 41 लाखांतल्या एकाही माणसाने ‘कुणाची तरी मते खायला’ रांग लावली नव्हती. त्याने काय विचार केला होता, हे नोंदवून ठेवण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

आणि एक विनंती वस्तीतल्या प्रत्येकाला. निकालापूर्वी स्टेजवर ‘आमची वाडी तुमच्याच मागे’ अशी घोषणा कोणी आपल्या वतीने करत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. वाडीला मत नसते, माणसाला असते. बाबासाहेबांनी ते प्रत्येकाला वेगवेगळे मिळवून दिले आहे. ते गठ्ठ्याने मागणाऱ्याला आणि गठ्ठ्याने मोजणाऱ्याला, दोघांनाही यापुढे एकच उत्तर द्या: विचारायचे असेल तर वस्तीत या, पेटी आणा आणि पाठ फिरवून उभे राहा.

जयभीम!